बर्फाखालचं काळं रान

मी एक म्हातारी रेनडियर आहे. म्हातारी म्हणा मित्रांनो, माझी हरकत नाही, फक्त शिंगांपासून जरा लांब उभं राहून म्हणा. आमच्यात नरांची शिंगं हिवाळ्याच्या तोंडाशी गळतात, आम्हा गाभण माद्यांची वसंतापर्यंत टिकतात. त्यामुळे बर्फ उकरून काढलेल्या घासापाशी कोण उभं राहणार आणि कोण गुमान बाजूला होणार, हे आम्हीच ठरवतो.

मी तीन वर्षांची झाले तेव्हा आमच्या कळपाची मालकीण राव्द्ना हिनं माझ्या गळ्यात घंटा बांधली. घंटावाली जाईल तिकडे कळप, आणि कळप जाईल तिकडे माणसं, अशी आमच्याकडची रीत. तो मान मी मिरवला. का मिरवू नये?

नदीच्या पलीकडे, समुद्राच्या अंगाला, आमचं उन्हाळ्याचं रान. तिथं आम्ही वाळुंजीच्या झुडपांची कोवळी पानं ओरबाडतो, लेंड्या टाकतो, माती तुडवतो. म्हणून झुडपं माजत नाहीत आणि गवत दाट येतं. गवताला आमचे पाय मानवतात.

अलीकडचं हिवाळ्याचं रान दगडफुलाचं. तुमच्या मसाल्यात पडतं ना, त्याच्याच गोतातलं. पण आमचं पांढरं, मऊ, घोट्यापर्यंत येणारं. बर्फाच्या पांघरुणाखाली असतं तोवर आम्ही वरवर खुडून खातो. उन्हात मात्र ते वाळतं आणि पाय पडला की पापडासारखं मोडतं. वर्षभरात जेमतेम तांदळाच्या दाण्याएवढं वाढणारं ते. म्हणून उन्हाळ्यात तिथं थांबायचं नाही.

घंटा मिळाली त्या वर्षी नदीवरचा बर्फ लवकर फुटला. आम्ही काठावर पोचलो तेव्हा नदी मोठमोठे ढलपे घेऊन गरजत होती. माझं पहिलं पाडस आठ दिवसांचं होतं. मी पाण्यात पाय घातला, मागे वळून त्याच्या काड्यांसारख्या पायांकडे पाहिलं, आणि परत फिरले. माझ्यामागं चारशे जनावरं फिरली.

"बघ आई, घंटावाली नको म्हणते," राव्द्नाचा मुलगा नीलस म्हणाला. "एक उन्हाळा राहू इथंच."

"नदी चार दिवसांत उतरेल. तोवर काठावर थांबू."

"आणि पाडसं वाहून गेली म्हणजे?"

"चार-दोन जातील. इथं राहिलो तर किती जातील, मोजलंस?"

"तिला जनावराची अक्कल आहे आई, आपल्यापेक्षा जास्त."

"तिला तिचं पाडस दिसतंय," राव्द्ना फटकन म्हणाली. "तुला पुढचा हिवाळा दिसायला नको? का तुझ्याही गळ्यात घंटा बांधू?"

सगळे हसले. नीलस हसला नाही. राव्द्नानं त्या वर्षीपासून कळप त्याच्या हाती सोपवला होता. त्यानं आम्हाला माघारी वळवलं.

सबंध उन्हाळा आम्ही त्या पांढऱ्या रानावर हिंडलो. डास चावले की धावत सुटायचो. खुरांखाली करकर आवाज यायचा. मला तो ऐकू येत होता मित्रांनो, खोटं कशाला बोलू? पण माझं पाडस धष्टपुष्ट होत होतं, आणि मी तेवढंच पाहत होते.

मग बर्फ पडला. मी उकरलं. खाली काळी माती. दहा पावलं पुढं जाऊन उकरलं. काळी मातीच. शिंगं उगारून मी एका थोराड नराला त्याच्या खड्ड्यातून हाकललं, तर त्याच्याही खड्ड्यात काही नव्हतं. नीलसनं वाळक्या गवताची पोती आणली, पण दगडफुलाला सवकलेली आमची पोटं त्या गवतानं फुगली. पाडसं एकेक करून बसू लागली, बसली ती उठेनात. माझं बसलं ते घोंघावत्या वाऱ्यात, भरदुपारी. मी त्याच्याभोवती खूप वेळ उकरत राहिले.

राव्द्ना आली. माझ्या खड्ड्यातली मूठभर माती तिनं नीलसच्या तळहातावर ठेवली.

"घे. खा."

"आई, मी हिच्यावर विसंबलो ग."

"तिच्यावर कशाला ढकलतोस? ती आई आहे. मालक तू होतास."

तिनं मला दोष दिला नाही. तेच मला जास्त लागलं.

त्या हिवाळ्यात निम्मा कळप गेला. पुढं राव्द्नाही गेली.

त्याला अकरा वर्षं झाली. त्या काळ्या मातीवर दगडफूल पुन्हा धरायलाच कैक वर्षं गेली, आता कुठं ते नखाएवढं आलंय. ते घोट्याला लागेपर्यंत माझ्या नातींच्या नातीही म्हाताऱ्या होतील. मी तिथून कळप नेत नाही. लांबून वळसा घालते. तरण्या माद्या कुरकुरतात, म्हातारीला चळ लागलाय म्हणतात. म्हणोत.

मित्रांनो, आपल्या पोरांवर माया कुणीही करतं, त्यात काही मोठेपणा नाही. ज्याच्यावर ती पोरं जगणार, ते जपा. माझं पाडस मी नदीपासून वाचवलं आणि माझ्याच खुरांनी उपाशी मारलं.