पहिल्या ओळीचा मान

मित्रांनो, मला यादीतून काढून टाकण्यात आले आहे. पण तसे काहीही झालेले नाही असे धरून मी माझी हकिकत सांगतो.

पेडण्याच्या बाजारात गुरुदासबाबांचे लग्नपत्रिका छापायचे दुकान आहे. तिथल्या कॉम्प्युटरमध्ये राहणारा मी एक जुना फॉन्ट-फोल्डर. माझ्या पोटात मराठी अक्षरे आहेत. पडद्यावर अक्षर हवे असले की कॉम्प्युटर एक यादी काढतो. अक्षरे कोणत्या फोल्डरांत शोधायची, त्या वाटांची ती यादी. वरून खाली तो एकेक दार ठोठावतो. जो यादीत नाही त्याच्या दाराशी तो जात नाही, मग आत सगळी बाराखडी का बसलेली असेना.

अकरा वर्षे मी पहिल्या ओळीत होतो. जत्रेच्या पत्रकांवर माझी अक्षरे झळकली. माझा 'श्री' बघून एका आजोबांनी दुकानाबाहेर चपला काढल्या होत्या. त्या नंतर सापडल्या नाहीत, पण त्यात माझा दोष नाही.

मग दिवाळीचे पोहे खायला मांद्र्याहून जावई सुदेश आले. येताना पेनड्राइव्हवर अक्षरांचा नवा फोल्डर घेऊन आले. गुरुदासबाबा टाइपिंग करणाऱ्या तनयाला म्हणाले, "जावयाचो फोल्डर पयलो घाल."

"आणि जुनो?"

"जावई जेवता तेव्हा घरची माणसां पंगतीत बसतत? काढ त्याका."

"पण बाबानू, पेनड्राइव्ह कोणी काढलो तर?"

"जावयाची वस्तू कोण काढतलो गो?"

जावयानेच काढली. पाहुणचार आटोपून ते मांद्र्याला गेले ते पेनड्राइव्ह खिशात घालूनच.

दुसऱ्या दिवशी कमलाक्षीमावशी मुलीच्या लग्नाची पत्रिका न्यायला आल्या. पहिली पत्रिका दुपारी बाराच्या आत देवीपुढे ठेवायची होती. त्याशिवाय बाकीच्या वाटता येत नव्हत्या. तनयाने फाइल उघडली. अक्षरे न सापडल्याने पडद्यावर नुसते चौकोन.

"माज्या चेडवाचा नाव खंय गेला?"

"ह्या तिसऱ्या चौकोनात आसा, मावशे."

"आणि नवरो?"

"तो खालच्या चौकोनात."

"देवीक काय सांगू? चौकोनाचा लगीन चौकोनाशी?"

मित्रांनो, मी आतच होतो. मावशींच्या लेकीचे 'गौरवी' हे नाव हातात धरून बसलो होतो. पण कोणी विचारेना, आणि फोल्डराला हाक मारता येत नाही. शेवटी तनयाने यादी उघडून माझी वाट पहिल्या ओळीत टाइप केली. दार वाजले. मी सगळी अक्षरे एकदम बाहेर ढकलली. घाईत रुसायचेही राहून गेले. बाराला दहा मिनिटे असताना पत्रिका हातात आली. मावशींनी लेकीच्या नावावरून बोट फिरवले आणि पदर डोळ्यांना लावला.

गुरुदासबाबांनी चष्मा चढवला. "बघलंय? जावयाच्या फोल्डराची अक्षरां कशी सुबक!"

तनयाने तोंड उघडले, तेवढ्यात दारात मोटरसायकल थांबली. जावई. चार्जर विसरला होता. जाता जाता त्यांनी पेनड्राइव्ह परत लावून दिला. पुढचे तुम्हाला पहिल्या वाक्यापासून माहीत आहे. तेच झालेले नाही असे आपण धरले होते.

मित्रांनो, पाहुण्याला पाट जरूर द्या, पण त्यासाठी घरच्याची ओळ खोडू नका.

सबब, गुरुदासबाबांना अर्ज की, यादीतील पहिली ओळ मला परत मिळावी. ते शक्य नसल्यास जावयांच्या पेनड्राइव्हमागे शेवटच्या ओळीत तरी उभे करावे. सदर अर्ज माझ्याच अक्षरांत लिहिला असल्याने यादीत नसताना तो चौकोनांतच दिसेल. तरी तो वाचण्यापुरते मला आधी यादीत घ्यावे, ही नम्र विनंती.