चंद्राच्या मागचा माणूस

पत्र मालकांनी दोनदा वाचलं. एकदा मनात आणि एकदा आम्हा सगळ्यांना ऐकू जाईल असं. लिहिणाऱ्या बाई भूगोलाच्या निवृत्त शिक्षिका होत्या. माणूस नोकरीतून निवृत्त होतो, लाल पेनातून होत नाही. दुसऱ्या अंकात सूर्य उजव्या हाताला मावळतो आणि चंद्रकोरीचं उजळ पोट मात्र डाव्या हाताला असतं, असं त्यांचं म्हणणं होतं. सूर्यामुळे उजळणारा चंद्र सूर्याकडेच अंधारी बाजू करून बसलेला त्यांनी उभ्या आयुष्यात पाहिला नव्हता. रविवारी त्या पुन्हा येणार होत्या.

मालकांनी चष्मा काढून चांदोबाकडे पाहिलं. आमच्या नाटक कंपनीत चंद्राचं खातं तीस वर्षं त्याच्याकडे होतं. त्याचं खरं नाव हजेरीपटातही कुणी शोधलं नसतं. चंद्र म्हणजे एक गोल लाकडी खोका, तोंडाला पांढरं कापड, आत बल्ब. आकाशाच्या पातळ पडद्यामागे तो दोरीने टांगायचा. कोर हवी असेल तर कापडापुढच्या खाचेत काळी पत्र्याची चकती सरकवायची. तिचा दांडा मागच्या बाजूला निघालेला होता. चांदोबा पडद्यामागे दोरी धरून उभा राहायचा आणि प्रवेश संपेपर्यंत बोटाबोटाने चंद्र मावळवायचा.

मालक म्हणाले, रविवारी पुन्हा पत्र आलं तर चित्रं फेकणारं यंत्र आणणार आणि खोका भंगारात.  चांदोबाचे कान लाल झालेले मी पाहिले. मी प्रॉम्प्टर आहे, दुसऱ्यांचे चेहरे बघत बसणं हीच माझी भाकरी.

पुढचं त्याने मला सांगितलं आणि वहिनींनी दुरुस्त केलं. घरी जाऊन त्याने बायकोला विचारलं, की पृथ्वीची सावली पडून चंद्र लहान होतो ना, मग पोट इकडे काय नि तिकडे काय. वहिनी म्हणाल्या, तसं फक्त ग्रहणात होतं. दुसऱ्या दिवशी सकाळी खिडकीतून तिरपं ऊन आलं तेव्हा त्या खोलीच्या मधोमध स्टुलावर बसल्या आणि नवऱ्याला आपल्याभोवती फिरायला लावलं. तसा तो लग्नापासून फिरतच होता, या वेळी फक्त कारण शास्त्रीय होतं. पृथ्वी म्हणजे वहिनी, सूर्य खिडकीत आणि चंद्र म्हणजे त्याचं टक्कल.

तो खिडकीच्या आणि त्यांच्या मधे आला तेव्हा उजेड टकलाच्या पलीकडे राहिला. त्या म्हणाल्या, ही अमावास्या. बाजूला सरकला तशी कडेला कोर दिसली, मग अर्धं, आणि खिडकीच्या बरोबर उलट बाजूला गेल्यावर अख्खं टक्कल चकाकलं.

"अर्धं डोकं तर कायमच उजेडात आहे तुमचं," वहिनी म्हणाल्या. "मला इथून किती दिसतं, तेवढाच काय तो फरक. आणि मी खाली बसलेय म्हणून माझी सावली तुमच्यावर पडत नाही. उठून उभी राहिले की ग्रहण."

हे सगळं तुला कुठून कळलं, असं त्याने विचारलं.

"रोज संध्याकाळी तुम्ही तिकडे खोका टांगता. मी गच्चीवर ताट घेऊन एकटी बसते. समोर दुसरं असतं कोण?"

हे सांगताना चांदोबाचा आवाज अगदी बारीक झाला होता. त्याला वाईट वाटलं होतं आणि ते लपवायचं त्याला सुचलंही नाही.

संध्याकाळच्या कोरीचं पोट उजवीकडे, असं वहिनींनी शेवटी त्याच्याकडून घोकवून घेतलं. तो धावत थिएटरात आला, पडद्यामागे आपल्या जागेवर उभा राहिला आणि खोक्याकडे बघून त्याची कळी खुलली. दांडा डावीकडे होता, म्हणजे उजेड उजवीकडे. आपला चंद्र तीस वर्षं बरोबरच होता, बाईच चुकल्या, असं त्याने चहावाल्यापासून पडदेवाल्यापर्यंत सगळ्यांना सांगितलं. रविवारी बाईंची जिरताना बघायला म्हणून त्याने बायकोलाही तिसऱ्या रांगेत आणून बसवलं. तीस वर्षांत पहिल्यांदा.

दुसऱ्या अंकाचा पडदा उघडला. उजव्या विंगेत केशरी दिवा मावळत होता आणि कोरीचं पोट छान डावीकडे होतं. पाचच मिनिटांत वहिनी बाजूच्या दाराने आत आल्या, माझ्या पायावर पाय देऊन आकाशामागे गेल्या आणि कुजबुजल्या, "उलटा आहे."

"उजवीकडेच आहे."

"तुमच्या उजवीकडे. तुम्ही चंद्राच्या मागे उभे आहात."

चांदोबा खोक्याकडे बघत राहिला. "मग पुढून काय नि मागून काय, चुकणार नाही असं काहीतरी सांग."

"उजवं-डावं सोडा. सूर्याकडे पोट."

त्याने दोरी वहिनींच्या हातात दिली, कोपऱ्यातला बांबू उचलला आणि दांडा ढकलला. मी विंगेतून पाहिलं. भरल्या थिएटरात कोर बारीक बारीक होत गेली, संपली, आकाशात काळीकुट्ट अमावास्या झाली आणि मग दुसऱ्या कडेला नवी कोर उगवली. नायकाची वाचा बसली. नायिका त्याला किती दिवसांनी आलात म्हणून विचारत होती. माझ्या वहीत त्याचं उत्तर दोन दिवस असं होतं. तो आकाशाकडे बघून म्हणाला, "महिना झाला असेल."

टाळ्या थांबेनात.

प्रयोगानंतर बाई आत आल्या. आता कोर बरोबर आहे, पण महिना फार घाईत उरकलात, असं त्या म्हणाल्या आणि पहिल्यांदाच हसल्या. मालक तर खुशीत होते. प्रत्येक प्रयोगाला हेच करायचं, मग यंत्र रद्द, असं त्यांनी जाहीर केलं.

चांदोबाने मान हलवली. "एकदा चुकलो म्हणून झालं, मालक. रोज नाही करणार. खरा चंद्र असं करत नाही."

मी त्याला कोपरखळी मारली, हो म्हण म्हणून.  दोरी अजून वहिनींच्याच हातात होती.

यंत्र आलं. चांदोबा खोका सायकलला बांधून घरी घेऊन गेला. पहिल्याच प्रयोगात यंत्राच्या कोरीच्या पोकळीत, जिथे चंद्राचाच काळा भाग असतो तिथे, एक चांदणी लुकलुकली. चौथ्या दिवशी पत्र आलं. या खेपेला मालकांनी ते मनातच वाचलं आणि मला चांदोबाला बोलवायला पाठवलं.

दोघं गच्चीवर होती, समोर दोन ताटं. पश्चिमेला उजेड विझत होता आणि त्याच्या वर कोर होती, पोट नीट सूर्याकडे. मी निरोप सांगितला. चांदोबाने मला हातानेच बस म्हणून खुणावलं.

"आत्ता नको," तो म्हणाला. "मावळू दे."

वहिनींनी माझ्यासाठी ताट वाढलं. चांदोबाचं जेवण अर्धंच झालं होतं. त्याची डावी मूठ मांडीवर घट्ट मिटलेली होती आणि मधूनमधून ती बोटभर सैल व्हायची. कोर शेजारच्या पाण्याच्या टाकीमागे गेली तेव्हा त्याने ती उघडली आणि पुन्हा जेवायला लागला.