मास्तरांचे कान

डॉक्टरांनी मास्तरांना भिंतीकडे तोंड करून खुर्चीवर बसवलं, चार पावलं मागे जाऊन त्यांना नावाने हाक मारली. नुसतं नाव. पुढे ना राव, ना काका. हाक ऐकू आली की हात वर करायचा, एवढंच काम होतं.

मास्तर भिंतीकडे बघत राहिले. डाव्या हाताच्या बोटाला बांधलेल्या पट्टीवरून उजव्या हाताचा अंगठा फिरत होता.

“परत हाक मारा,” साहेब म्हणाले.

साहेबांना साहेब म्हणायचं नाही, हा साहेबांचाच हुकूम. महिन्यापूर्वी त्यांनी शिलाई कारखान्यातल्या सगळ्यांच्या छातीवर नावाचे बिल्ले लावले. लहान-मोठा कुणी नाही, सगळ्यांनी एकमेकांना नावाने हाक मारायची. ऐकायला किती गोड! प्रत्यक्षात लोकांनी हाका मारणंच सोडून दिलं. कुणी खाकरायचं, कुणी “अहो, ऐकलं का” म्हणायचं. कटिंगची सुपरवायझर तर अख्ख्या टेबलाला वळसा घालून मास्तरांसमोर जाऊन उभी राहायची. ज्यांनी हाताला धरून कात्री चालवायला शिकवली, त्यांचं नाव तोंडातून निघायचं कसं? तिचा आवाज बारीक, म्हणून मास्तर तिला चिमणी म्हणायचे.

मंगळवारी वळसा घालायला वेळ नव्हता. मास्तर कापायचं मशीन चालवत होते आणि कापडाचे थर सरकून पातं त्यांच्या बोटांकडे येताना तिला टेबलाच्या दुसऱ्या टोकावरून दिसलं. साहेब तिच्या शेजारीच उभे होते. ओठांवर आलेलं ‘मास्तर’ तिने गिळलं आणि नाव घेतलं. दोनदा घेतलं. मास्तरांनी मान वर केली नाही. चाळीस वर्षांत त्या नावाने त्यांना कुणी हाक मारली नव्हती, घरच्या माणसांनीसुद्धा. बोटाचं पेर गेलं.

आज सकाळी साहेबांनी दोघांना समोर बसवून सांगितलं होतं, “एक तर यांना ऐकू येत नाही, नाहीतर हिने वेळेवर हाक मारली नाही. दोघांपैकी एकाला घरी जावं लागेल.”

“मी हाक मारली, पण त्यांना त्या नावाची सवय नाही,” ती म्हणाली होती.

“माणसाला स्वतःच्या नावाची सवय नाही? काहीतरीच काय!”

तिच्या घरात चार तोंडं आणि कमावणारी ती एकटी. हे साहेबांना नाही, पण मास्तरांना ठाऊक होतं.

डॉक्टरांनी तिसऱ्यांदा हाक मारली, चांगली खणखणीत. हात वर झाला नाही. दाराशी उभी असलेली ती मास्तरांच्या पाठीकडे बघत राहिली. यंत्रांच्या गोंगाटात ऐकू आलं नाही, ते ठीक होतं. इथे, या बंद खोलीत?

ती पुढे झाली आणि जेमतेम ओठ हलवून म्हणाली, “मास्तर.”

पट्टीवरचा अंगठा थांबला. हात काही वर झाला नाही. थोड्या वेळाने अंगठा पुन्हा फिरू लागला.

डॉक्टरांनी कागदावर काहीतरी लिहिलं. साहेबांनी सुस्कारा सोडला.

मास्तर आपली कात्री घ्यायला खाली कारखान्यात आले. ती मागोमाग आली. चारही टेबलांवर मशिनी धडधडत होत्या. मास्तरांनी कात्री फडक्यात गुंडाळली, छातीवरचा बिल्ला काढून टेबलावर ठेवला आणि दाराकडे निघाले. दारापाशी क्षणभर थांबले.

“चिमणे, तिसऱ्या टेबलाच्या पात्याची धार गेलीय. आवाज बदललाय बघ. आजच्या आज बदलून घे, नाहीतर कापड ओढेल.”

ते गेले. ती तिसऱ्या टेबलाशी कान देऊन उभी राहिली. तिला नुसती धडधड ऐकू येत होती. तिने मशीन बंद करायला लावली आणि पात्यावरून अलगद बोट फिरवलं.

पातं बोथट होतं.

वर काचेच्या केबिनमध्ये साहेब मास्तरांच्या कागदावर सही करायला खिशातलं पेन काढत होते. तिने आपला बिल्ला काढून मास्तरांच्या बिल्ल्याशेजारी ठेवला आणि जिना चढू लागली.