कबुतरं संपली, आता माझी पाळी

मी कबुतरांचा बुरूज बोलतोय, आणि आज गोड बोलणार नाही. रागिब माझ्या पायाशी कुदळ घेऊन उभा आहे. मला पाडायला!

इजिप्तमधल्या मिन्या शहराच्या पश्चिमेला नाईलची काळी माती संपून वाळू सुरू होते, तिथं याच्या आजोबांनी मला उभारलं. गाळाच्या विटा आणि घरट्यांसाठी भिंतीत आडवी बसवलेली चारशे मडकी. गाववाले म्हणाले, म्हातारा खादाड दिसतो. अरे, त्याला कबुतरांचं मांस नको होतं, विष्ठा हवी होती. या वाळूत पाणी टिकत नाही, खत टिकत नाही, आणि लसणाला तर दोन्ही लागतं.

त्याची मुलगी झकिया सगळं शिकली. लावणीच्या दोन महिने आधी ती माझ्या पोटातली विष्ठा खरवडून काढायची, बाकल्याच्या वाळल्या शेंगांचा भुसा मिसळायची, पाणी शिंपडून चटई टाकायची. दर आठवड्याला ढीग उलटा करायची. आतली आग शांत होईपर्यंत मूठभरही वावरात जायची नाही. तिचे गड्डे मुठीत मावत नसत. व्यापारी आधी तिच्या दारात यायचे.

मग तिचे गुडघे गेले आणि शेत भाच्याकडे आलं. हाच तो रागिब. याला चहा निवायचाही धीर नाही! पहिल्याच वर्षी ताजी विष्ठा तशीच पाकळ्यांखाली टाकली. मुळं करपली, पाती पिवळी पडली. आणि चहाच्या दुकानात बसून हा काय म्हणाला? "बुरूजच नासका आहे." मी नासका!

पुढं याचं लग्न निघालं. नवऱ्यामुलाला हिरव्या गव्हानं भरलेलं कबुतर खाऊ घालायची आमच्याकडे रीत आहे. एक जोडी पुरते. यानं सगळ्या गावासाठी चूल पेटवली. तीन दिवस लोक बोटं चाटत होते आणि माझी मडकी रिकामी होत होती. वाचली ती कबुतरं उडून गेली, परत आली नाहीत.

मग यानं पोत्यांतलं खत आणून नुसतं तेच ओतलं. जमिनीवर पांढरा पापुद्रा धरला आणि लसूण बोराएवढा झाला. आता कुणीतरी याच्या कानात सांगितलं की बुरुजाच्या जुन्या भिंती म्हणजे खतच.

झकिया काठी टेकत आली.

"आत्या, बाजूला हो. साठ वर्षांची घाण मुरलीय यात. फोडून वावरात टाकतो."

"कबुतरं गिळलीस, आता त्यांचं घरही गिळ. ढेकर तरी देतोस का मेल्या?"

"लसूण नको का तुला?"

"हवाय, म्हणूनच आले. तोंड उघड."

तिनं माझ्या पायाचा एक ढलपा काढला आणि त्याच्या तोंडात कोंबला. रागिब थू थू करत मागं सरला.

"खारट आहे!"

"शेजारच्या कालव्याची ओल साठ वर्षं याच्या अंगात मीठ चढवतेय. तुझ्या वावरात आधीच पापुद्रा, वरून हे टाक. मग लसूण नको, मीठच विक."

"मग करू काय?"

"तुझ्या आजोबानं केलं तेच. आणि घाई करू नकोस."

रागिबनं कुदळ खाली ठेवली. आता तो माझ्याच सावलीत बसून चूळ भरतोय. माफीचा एक शब्द नाही! मला नासका म्हटलेलं मी विसरलेलो नाही, आणि माझी रिकामी मडकी तर मरेपर्यंत विसरणार नाहीत.

तरी सांगतो, कारण लसणाचा काही गुन्हा नाही. रागिब, बाजारातून एक जोडी आण, तिला इथं रुळू दे, वाढू दे. आणि पिंजरा उघडशील तेव्हा घरातली चूल विझलेली असू दे.