बारा वाफ्यांचा वळसा

मित्रांनो, माझ्याकडे असं नाक मुरडून बघू नका. अंगावरचे केस गेलेत ती खरूज नाही, म्हातारपण आहे. मी तांबू. उरणच्या खाडीकाठी धर्माजीचं मिठागर आहे ना, त्याच्या बांधावर दिवसभर पसरलेला असतो तो तांबडा कुत्रा. आज मला उठायचं म्हटलं तरी दोनदा विचार करावा लागतो. पण एके काळी हा क्षणभर बसत का नाही म्हणून अख्खं घर माझ्यापायी हैराण झालं होतं. ती हकिगत सांगतो. मधे कुणी शेपटीला हात लावायचा नाही.

माझा जन्म पेणकडच्या एका भातशेतीच्या गावातला. साल एकोणतीस असावं. मी काही शाळा शिकलेलो नाही, पण घरात तसंच बोललं जायचं. त्या घरची लेक कोकिळा नुकतीच उरणला मिठागरावर दिली होती. पहिल्या दिवाळीला ती माहेरी आली आणि परत निघायच्या दिवशी तिचं रडू काही थांबेना. मग तिच्या बापाने पोह्यांच्या पाटीत एका कोपऱ्यात मला बसवलं, वर पंचा टाकला आणि म्हणाला, तिकडे आपल्या गावचं कुणीतरी असू दे. अर्ध्या वाटेत मी निम्मे पोहे फस्त केले. ती मात्र पाटीत हात घालून सारखी माझं डोकं चाचपत होती.

सासरी माणसं चार आणि कामं चाळीस. सासरा धर्माजी, सासू मनुबाई, नवरा सदू आणि ही. भरतीची वेळ रोज पुढे सरकणार, तशी यांची न्याहारी, झोप, भांडणं सगळी पुढे सरकणार. भरतीला खाडीचं पाणी फाटकातून आत घ्यायचं, एका वाफ्यातून दुसऱ्यात फिरवत उन्हात आटवायचं, बांध लिंपायचे, खेकड्यांची बिळं बुजवायची. त्यात माझ्याकडे बघायला कुणाला सवड? आणि मी तर नुसता उधळलेला. मीठ न्यायला येणाऱ्या पडावाची, म्हणजे मोठ्या होडीची, दोरी चावली. सदूची नवी वहाण चावली. मनुबाईने दांडीवर वाळत घातलेले बोंबील उडी मारून ओढले आणि दांडीसकट अंगावर घेतले.

शिकवायला मात्र सगळेच पुढे. सदू शीळ घालायचा, मनुबाई हाक मारून बोंबलाचं शेपूट टाकायची, धर्माजी नुसता खाकरायचा आणि मी समजून घ्यावं अशी त्याची अपेक्षा. एकाने 'बस' म्हणायचं, दुसऱ्याने त्याच वेळी 'चल' म्हणायचं. मी आपला गोल गोल फिरायचो.

मार्गशीर्ष लागला आणि तुडवणी सुरू झाली. मीठ धरायच्या आधी वाफ्याचा तळ घट्ट करावा लागतो, नाहीतर मिठात चिखल येतो. त्यासाठी सगळ्यांनी ओळीने वाफ्यात उतरायचं, एकमेकांच्या खांद्यांवर हात ठेवायचे आणि ताल धरून पायांनी चिखल चोपत जायचं. मला तर तो सणच वाटला. मी बांधावरून थेट मधे उडी घेतली आणि त्यांच्या पायांतून नाचू लागलो. सदू हसून लोटपोट झाला. मनुबाई म्हणाली की चार पायांचा गडी आहे, दोघांचं काम करतो. गालातल्या गालात हसायला धर्माजीलाही कधी नव्हे ती सवड झाली. दुसऱ्या दिवसापासून सदू मला शीळ घालून मुद्दाम वाफ्यात बोलवू लागला. अहो, महिनाभर मी तुडवणी केली. आणि त्या महिन्यात मी एकच गोष्ट पक्की शिकलो, की वाफ्यात उतरून नाचलं की हे लोक खूश होतात.

आता पुढचं ऐका. माघात पाणी आटलं आणि वाफ्यांवर पांढरा पापुद्रा धरू लागला. पहाटे धर्माजी बांधावर उकिडवा बसून त्याच्याकडे बघत राहायचा. त्याचं मीठ पांढरंशुभ्र म्हणून खाडीभर नाव होतं, आणि त्या नावाला तो जिवापाड जपायचा. अशाच एका सकाळी पलीकडे बगळे उतरले. मी बांधावरून वाफ्यात झेपावलो, एका वाफ्यातून दुसऱ्यात, दुसऱ्यातून तिसऱ्यात, असे चार वाफे तुडवले. बगळे केव्हाच उडाले होते. मी आपला नाचतोय. वर बघितलं तर चौघं बांधावर उभी. कौतुक होणार म्हणून मी आणखी दोन गिरक्या घेतल्या.

कौतुक कसलं! खालचा काळा चिखल वर आला आणि चारही वाफ्यांचं मीठ राखेसारखं झालं. ते माणसाच्या पानात वाढायच्या लायकीचं उरलं नाही, शेवटी नारळांच्या आळ्यांत घातलं. सदूने मला दोरीच्या टोकाने मारलं. धर्माजीने हात उचलला नाही. तो डोक्याला हात लावून खाली बसला आणि बराच वेळ उठलाच नाही. मला मारापेक्षा ते जास्त लागलं, पण कळलं मात्र काहीच नाही. ज्याच्यासाठी महिनाभर शाबासकी, त्याचसाठी आज मार!

त्याच आठवड्यात करमअली नाखवा मीठ न्यायला पडाव घेऊन आला. त्याच्या मेव्हण्याची दिघीला लाकडाची वखार होती आणि तिथे राखणीला कुत्रा हवा होता. धर्माजीने शब्द देऊन टाकला, चैत्रात पुढची खेप न्यायला याल तेव्हा हा तांबडा घेऊन जा. नाखवा भला माणूस. नमाजाचे कपडे विटाळू नयेत म्हणून त्याने मला दुरूनच न्याहाळलं आणि बरं म्हणाला.

सून मिठाच्या राशीआड उभी राहून ऐकत होती. सासऱ्यासमोर बोलायची तेव्हा रीत नव्हती. डोक्यावरचा पदर सारखा करून ती कामाला लागली. दुपारी मात्र माझ्या मानेत तोंड खुपसून ती इतकी रडली की माझे केस ओले झाले. ती मला म्हणाली, की तू गेलास तर इथं मी माझ्या गावचं नाव कुणाजवळ काढू? मित्रांनो, खोटं का सांगू, मला तेव्हा तिच्या डोळ्यांतलं पाणी खारट लागलं एवढंच कळलं. मी ते चाटून टाकलं.

पण रडून झाल्यावर ती विचार करू लागली. मिठागरावर जन्मलेल्या माणसांना तुडवणीचा वाफा वेगळा आणि मीठ धरलेला वाफा वेगळा, हे कुणी सांगावं लागत नाही. कोकिळा भाताच्या गावची. नवी नवरी असताना तीच दोनदा चुकून वाफ्यात उतरली होती आणि बोलणी खाल्ली होती. म्हणून जे कुणाच्या ध्यानात आलं नाही ते तिच्या आलं. संध्याकाळी मासळी साफ करताना ती हळूच मनुबाईला म्हणाली, "आत्याबाई, रागवू नका. त्याला वाफ्यात नाचायला आपनच शिकवलं न्हाय का?"

मनुबाईची विळी थांबली. तिने माझ्याकडे बघितलं. मग म्हणाली, "व्हय गं पोरी. चूक आपली, आनि मार त्यानं खाल्ला."

दुसऱ्या दिवसापासून घरात मनुबाईचा कायदा लागू झाला. ओला असो की सुका, तांबूला कुठल्याच वाफ्यात बोलवायचं नाही. शीळ बंद, खाकरणं बंद. हाक एकच, 'बांधावरनं'. हा कायदा जो मोडेल त्याला रात्री मासळी नाही. सदूला हे सगळ्यात जड गेलं. पहिल्या तीन दिवसांत दोनदा त्याने कोरडी भाकरी खाल्ली.

आणि कोकिळा रोज सकाळी सासऱ्या-नवऱ्याची न्याहारी घेऊन निघाली, की कमरेला एक जुनी दोरी बांधायची. तिचं दुसरं टोक माझ्या गळ्यात. बांध जेमतेम हातभर रुंद, दोन्हीकडे वाफे, आणि वाफ्यांत बगळे. माझा पाय खाली गेला की ती जागच्या जागी थांबायची. ओरडणं नाही, मारणं नाही, नुसती उभी. मी ओढ घ्यायचो, भुंकायचो, लोळण घ्यायचो. ती डोक्यावरची पाटी सावरत उभीच. शेवटी कंटाळून मी बांधावर यायचो. मग ती 'बांधावरनं' म्हणायची, भाकरीचा तुकडा द्यायची आणि पुढे चालू लागायची. पहिल्या दिवशी न्याहारी इतकी उशिरा पोचली की धर्माजी भुकेने तांबडालाल झाला होता. पण त्याने सुनेला अडवलं नाही. दिलेला शब्दही त्याने मागे घेतला नाही.

फाल्गुन संपेपर्यंत मी दोरीशिवाय चालू लागलो. बगळ्यांकडे बघून अंग शिवशिवायचं, तोंडातून आवाज निघायचा, पण पाय बांधावर राहायचे. एकदाच घसरलो, तेव्हा मी स्वतःच लाजून परत वर आलो. मनुबाईने हे धर्माजीला सांगितलं. तो म्हणाला, दोरी नसताना, समोर कुणी नसताना, जीव ओढत असताना बांध सोडत नाही तेव्हा शिकला म्हणायचं. आणि ते बघायला आता दिवस राहिले नाहीत.

चैत्रात पडाव आला. मिठागराच्या एका टोकाला खाडीत पडाव लागलेला, दुसऱ्या टोकाला मिठाच्या राशी. मधे बारा वाफे, आणि बाराही पांढरेशुभ्र भरलेले. सदूने खाली मान घालून मला पडावापाशी नेलं. कोकिळा राशींजवळ पाठमोरी मीठ पाट्यांत भरत होती. नाखव्याचा गडी माझी दोरी बदलू लागला आणि तेवढ्यात मी हिसका मारला. मी सुटलो.

गलका ऐकून ती वळली. आणि इतके दिवस कायदा जपणारी ती शहाणी पोर त्या क्षणाला सगळं विसरली. दोन्ही हात पसरून तिने हाक मारली, "तांबू!"

हाक मारली आणि लगेच तोंडावर हात दाबला. कारण माझ्या आणि तिच्या मधे सरळ रेषेत सबंध मोसमाचं मीठ होतं. धर्माजी जिथे होता तिथेच दोन्ही हात वर करून उभा राहिला. 'बांधावरनं' म्हणायचं कुणालाच सुचेना.

मित्रांनो, मी तेव्हा सात महिन्यांचा होतो. माझं माणूस समोर रडत होतं. सरळ गेलो असतो तर बारा उड्या. पण माझे पाय बांधावरच पळाले. डावीकडे वळलो, उजवीकडे वळलो. मधे तो बांध फाटकाकडे जातो, तिथे मला तिच्याकडे पाठ करून लांब पळावं लागलं. मागे कुणीतरी म्हणालं, पळाला, आता कसला येतोय. मला ऐकू आलं, पण दुसरी वाटच नव्हती. फाटकाला वळसा घालून मी पुन्हा तिच्या दिशेने फिरलो, शेवटचे चार वाफे बांधावरनंच मागे टाकले आणि तिच्या अंगावर अशी झेप घेतली की ती मिठाच्या राशीवर बसकण मारून पडली.

 मी आलो त्याच वाटेने धर्माजी उलट दिशेने चालत गेला. प्रत्येक वाफ्याशी वाकून बघायचा आणि पुढे जायचा. बाराही वाफे बघून झाल्यावर तो परत आला तेव्हा त्याचे डोळे लाल झाले होते.

"नाखवा," तो म्हणाला, "शब्द मी दिला व्हता. पन ह्याला शिकवलं सुनेनं. आता कुत्रा तिचा हाय. तिला इचारा."

करमअली नाखवा दाढीवरून हात फिरवत हसला. अशा गुणी जनावराला हक्काने न्यावं असं त्याला वाटेना. त्याने दुरूनच विचारलं, "काय पोरी, देतेस का आम्हाला?"

सगळे तिच्याकडे बघू लागले. सासऱ्यासमोर ती त्या दिवसापर्यंत एक अक्षर बोलली नव्हती. तिने पदर सारखा केला, मला घट्ट धरलं आणि मान वर करून म्हणाली, "न्हाय देनार."

धर्माजी मोठ्याने हसला. नाखव्याला त्याने स्वतःच्या हाताने चांगल्यातलं मीठ पाटीभर घरच्यासाठी दिलं. त्यानंतर त्या घरात कोकिळा बोलू लागली, आणि तिचं ऐकलंही जाऊ लागलं. पुढे तिला आणि सदूला मुलं झाली, तीही तिने माझ्यासारखीच वाढवली, फक्त दोरी न बांधता.

तेव्हा मित्रांनो, तुमच्या घरी एखादं उनाड पिल्लू आलं तर त्याच्यावर हात उगारण्याआधी जरा आठवून बघा, की हे त्याला कुणी शिकवलं. घरातल्या सगळ्यांनी मिळून एक हाक ठरवा आणि ती रोज तीच ठेवा. कामाची घाई तुम्हाला असते, आम्हाला नसते. थोडं थांबून आमची वाट बघा. आम्हाला वाट नीट दाखवलीत, तर तुमच्यापर्यंत यायला आम्ही कितीही लांबून येऊ.