कार्ट्रिजच्या कपाळी चंदन

या, सरका जवळ. बुवा मृदंग जुळवताहेत, तोवर एक गोष्ट सांगतो. हरिकथेइतकी पावन नाही, पण हसला नाहीत तर खुशाल उठून जा.

मदुरैत आमचं दुकान, म्हणजे मी तिथला सायकलवरून माल पोचवणारा. प्रिंटरची रिकामी कार्ट्रिजं यायची, ती धुऊन, शाई भरून पुन्हा विकायची. धुण्याच्या टेबलावर आठ वर्षं वडिवू, आम्हा पोरांची वडिवक्का. मालक चिदंबरनाथन, त्यांना सगळे 'अण्णाची' म्हणत, तिकडे थोरल्या भावाला म्हणतात तसं. त्या नवरात्रात अण्णाचींनी तिला प्रथमच शाई भरायला बसवलं.

"साठ नग कॉलेजला जायचेत. एक जरी बिघडला, तर पुन्हा धुण्यावर!"

अक्कानं जीव ओतला. सुईनं आतल्या स्पंजात शाई सोडली, अडकलेली हवा ओढून काढली, एकेकाचं तोंड कागदावर टेकवून तीन रंगांचे पट्टे पाहिले. त्या तोंडाला केसाहून बारीक शेकडो भोकं असतात. आत शाई क्षणात तापते, बुडबुडा फुगतो आणि थेंबाला बाहेर ढकलतो.

मग नवमीला आली आयुधपूजा, कामाच्या हत्यारांची पूजा. अण्णाची गरजले, "एकही हत्यार चंदन-कुंकवावाचून राहता कामा नये!" सुया, कात्र्या, माझी सायकलसुद्धा पूजेला बसली.

दसऱ्याला सकाळी कॉलेजचे कारकून आले. अण्णाचींनी ऐटीत एक कार्ट्रिज प्रिंटरमध्ये घातलं. कागद कोरा. दुसरं घातलं. कोराच. मग उलटं करून बघतात तर काय, भोकांच्या पट्टीवर वाळलेलं चंदन आणि मधोमध ठसठशीत कुंकू! साठच्या साठ.

"वडिवू! हे काय?"

"टिळा, अण्णाची. तुम्हीच म्हणालात ना, एकही राहू नये?"

"पण कुठं लावलास?"

"कपाळावर. चकचकतं ते कपाळच ना?"

"अगं बये, ते तोंड! देवाच्या नावानं साठ जणांची तोंडं लिंपलीस!"

कारकून हळूच म्हणाले, "अक्का, आमच्या प्राचार्यांनाही एक बोट लावाल का?"

अक्काला हसू कुठलं! डोळे पुसत ती आपणहून धुण्याच्या टेबलाशी गेली. ताटलीत कोमट पाणी घेतलं, एकेकाचं तोंड भिजवलं, मऊ कागदावर टिपलं, खालून पिचकारीनं हलकेच शाई ओढली. "थुंक बाळा, थुंक," म्हणायची. आठ वर्षांचा हात तो! दुपारपर्यंत साठही जणांनी तीन-तीन पट्टे उमटवले.

अण्णाचींनी सगळे कागद निरखले आणि नेहमीसारखे खेकसले, "भरायच्या खुर्चीवर बस. उद्या ऐंशी आहेत. आणि टिळा लावायचाच तर पाठीवर!"

तेव्हा मंडळी, घरी कधी एखादं पान नीट छापून निघालं, तर आधी देवाचं नाव घ्या आणि लगोलग आमच्या वडिवक्काची आठवण काढा.