ऑप्शनला टाकलेला टी

मला राग आला की मी आधी बोलते, मग ऐकते. त्या दिवशीही तसंच झालं.

मानपाड्याला माझा गोड्या मसाल्याचा गाळा आहे. दोनशे ग्रॅमच्या पुड्या रमाबाई भरतात. अकरा वर्षं, एकाच पितळी डावाने, काट्याकडे न बघता. ठाण्याच्या एका दुकानदाराने पुड्या हलक्या येतात अशी तक्रार केली, म्हणून माझी भाची कृतिका आठ पुड्या घेऊन वजनकाट्यापाशी बसली. ती कॉलेजात स्टॅटिस्टिक्स शिकते.

"मावशी, सरासरी एकशे अठ्ठ्याण्णव. फरक खरा की योगायोग ते सांगणारा झेड काढला, एक पॉइंट सत्त्याहत्तर आला. लिमिट एक पॉइंट पासष्टची. म्हणजे हा योगायोग नाही, हात खरंच हलका पडतोय."

माझं डोकं फिरलं. "रमाबाई, उद्यापासून तुम्ही लेबलं चिकटवा. भरायचं काम लेबलांवरची रुपाली करेल."

त्यांनी डाव धुतला, पुसला आणि माझ्या टेबलावर आणून ठेवला. मला तेव्हाच वाईट वाटलं, पण माघार घेणं माझ्या स्वभावात नाही.

जेवताना कृतिकाचा घास हातातच राहिला. "अगं मावशी, घोळ झाला! वजन किती मागेपुढे होतं ते आधीपासून पक्कं माहीत असेल, नाहीतर पुड्या भरपूर असतील, तर झेड चालतो. मी तर तो फरकसुद्धा याच आठ पुड्यांवरून काढला. इथे टी लागतो. त्याची लिमिट एक पॉइंट नव्वद. आपण आतच आहोत!"

"मग आधी का नाही लावलास?"

"तो चॅप्टर मी ऑप्शनला टाकलेला."

मी कपाळावर हात मारला. "म्हणजे पुड्या बरोबर आहेत?"

"तेही नाही सांगता येत. आठांवरून काहीच ठरत नाही. अजून मोजूया ना."

आणखी चाळीस पुड्या मोजल्या. सरासरी दोनशे एक.

मी स्वतः डाव घेऊन गेले. "रमाबाई, माझं चुकलं."

"अकरा वर्षं माझा हात बघतेस, नंदा," डाव घेत त्या म्हणाल्या, "आणि आठ पुड्यांवर विश्वास ठेवलास?"

त्या दुपारी लेबलं मी आणि कृतिकाने चिकटवली. रमाबाई पुड्या भरता भरता लांबूनच ओरडत होत्या, "नंदा, तिरकं लागलंय बघ ते!"